सोळा मैल आणि साडेसतरा मैल

दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. धाकट्या भावाच्या चिरंजीवांनी नवी गाडी घेतली आहे आणि घेतल्यापासून दोन महिन्यांत तिचे चांगले टायर काढून भलेमोठे टायर घातले आहेत. दिसायला गाडी झोकात दिसते यात शंका नाही. पण वाईहून पसरणीचा घाट चढताना म्हणतो, "काका, गाडीचा पिकअप गेल्यासारखा वाटतोय. आधी तिसऱ्यात चढायची, आता दुसरा टाकावा लागतो. इंजिनात काही झालं असेल का?"

म्हटलं, इंजिनाला काही धाड भरलेली नाही. तू मोठे टायर घातलेस म्हणजे न कळत गाडीचा शेवटचा गिअर बदललास. मग त्याला हे समजावता समजावता घाट संपला, पाचगणी आली, चहा झाला, तरी विषय संपेना. आणि मग रात्री माळ्यावरच्या ट्रंकेतून अण्णांच्या वह्या काढल्या त्यात जे सापडलं, त्यामुळे हे लिहायला बसलो.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. रोजचा खर्च लिहून ठेवायची त्यांना सवय होती. खिळे किती आणले, बैलाला पत्री कितीला मारली, सगळं. जीप आल्यावर जीपचंही पान सुरू झालं. आमच्या घरापासून पाचगणीच्या बाजारापर्यंत जाऊन-येऊन किती मैल, पेट्रोल किती, भाडं किती. (पेट्रोल लिटरमध्ये आणि अंतर मैलात, कारण जीपचा मीटर मैलाचा.) वर्षानुवर्षं तो आकडा एकच आहे: १६ मैल. १६, १६, १६. आणि १९६४ च्या फेब्रुवारीपासून एकदम १७॥. पुढे प्रत्येक फेरीला १७॥.

रस्ता तोच, घर तेच, बाजार तोच. मग दीड मैल आला कुठून?

आमच्या घरातल्या मंडळींना "नानानं जीप मोडली" ही गोष्ट पाठ आहे. लग्नकार्यात एकदा तरी निघतेच. ही दीड मैलाची नोंद त्या गोष्टीशी जोडलेली आहे असं मला आता वाटतं. नुसतं वाटतं नाही, मोजून पाहिलं आहे. पण ते सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण 'शेवटचा गिअर' म्हणजे काय हे कळल्याशिवाय त्यात काही मजा नाही.

गाडीत गिअरबॉक्स असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण त्याचा दांडा हातात असतो. पण गिअरबॉक्सच्या पुढे, चाकांच्या अगदी आधी, आणखी एक गिअर असतो. तो बदलता येत नाही, त्याला दांडा नाही, म्हणून त्याची आठवणही कुणाला नसते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खालून वाकून पाहिलं तर मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर भोपळ्यासारखा फुगवटा दिसतो, त्यात तो बसलेला असतो. गॅरेजात त्याला क्राउन-पिनियन म्हणतात. लांबलचक प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला छोटं दातेरी चक्र, ते पिनियन. त्यात अडकलेलं ताटलीएवढं मोठं चक्र, ते क्राउन. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हे झालं प्रमाण. समजा ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८. शाफ्टनं ४.८८ फेरे मारले की चाकाचा एक फेरा होतो.

फेरे कमी होतात त्याच पटीत पीळ वाढतो. सायकलच्या मागच्या चाकाला मोठी फ्रीव्हील लावली की चढ सोपा जातो पण पाय भराभर मारावे लागतात, तोच हिशेब. आकडा मोठा केला (म्हणजे ४.८८ चा ५.३८ केला) तर प्रत्येक गिअरात चाकाला मिळणारा पीळ दहा टक्क्यांनी वाढतो. गाडी झेप घेते. लोक म्हणतात पिकअप वाढला. आकडा लहान केला तर गाडी सुस्तावते, पण सपाट रस्त्यावर इंजिन शांतपणे चालतं आणि पेट्रोल कमी पितं. चिरंजीवांच्या मोठ्या टायरनं हेच केलं होतं. चाकाचा एक फेरा जास्त अंतर कापू लागला, म्हणजे आकडा लहान केल्यासारखंच झालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बऱ्याच गाडीवेड्यांच्याही लक्षात येत नाही. क्राउन-पिनियन ताकद तयार करत नाही. इंजिनाची अश्वशक्ती आहे तेवढीच राहते. हा गिअर फक्त ठरवतो, की ती ताकद कुठल्या वेगाला वापरायला मिळणार. त्यामुळे एका वेगाला फायदा झाला की दुसऱ्या कुठल्यातरी वेगाला तोटा होतोच. जीपचेच आकडे घालून खाली दाखवतो.

आता इतिहास. मोटारगाडीच्या सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक गाड्यांची चाकं साखळीनं किंवा पट्ट्यानं फिरत. साखळी ताणायची, तुटायची, चिखलात घासायची, आवाज तर विचारू नका. १८९८ साली पॅरिसजवळ बियाँकूरला, घराच्या आवारातल्या शेडमध्ये, एकवीस वर्षांच्या लुई रेनॉनं एक छोटी गाडी जुळवली. तिला साखळी नव्हती. गिअरबॉक्समधून दांडा सरळ मागे जाऊन दातेरी चक्रांनी अ‍ॅक्सल फिरवत होता, आणि वरच्या गिअरात गिअरबॉक्समधली चक्रं मधे न येता शक्ती सरळ पुढे जात होती. २४ डिसेंबर १८९८ ला, नाताळच्या आदल्या रात्री, ती गाडी त्यानं मित्रांना दाखवली. कुठे, तर माँमार्त्रच्या टेकडीवर चढणाऱ्या रू लपिक नावाच्या उभ्या रस्त्यावर. पावणेदोन अश्वशक्तीचं इंजिन! आजच्या स्कूटरलासुद्धा लाज वाटेल. पण गाडी चढली आणि त्याच रात्री लोकांनी मागण्या नोंदवल्या.

मला यातलं आवडतं ते हे, की पहिली परीक्षा चढावर झाली. सपाट रस्त्यावर पळणं कुणालाही जमतं. चढावर कळतं की चाकापर्यंत किती पीळ पोचतोय.

पुढचा मोठा टप्पा फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ११ दातांचं पिनियन आणि ४० दातांचं क्राउन, म्हणजे ३.६४. पुढे जायला गिअर फक्त दोन. वरचा सरळ, आणि खालचा २.७५ चा. रिव्हर्स मात्र ४ चा. गुणाकार केला तर खालच्या गिअरात एकूण १०, आणि रिव्हर्समध्ये साडेचौदा. म्हणजे या गाडीत सगळ्यात जास्त ओढ कुठल्या गिअरात, तर उलट जाण्याच्या! त्यात पेट्रोलची टाकी सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरायचं. उभ्या चढावर इंजिन टाकीपेक्षा वर गेलं की ते बंद. त्यामुळे अमेरिकेतले शेतकरी फार उभा चढ आला की गाडी वळवून उलटी चढवत असत. एका न बदलणाऱ्या आकड्यापायी माणसं चढावर गाडीचं तोंड फिरवत होती, हे चित्र माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

मधली वर्षं भराभर ओलांडतो. १९२६ मध्ये पॅकार्डनं हायपॉइड दात आणले, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसलं. शाफ्ट खाली गेला, गाडीची बैठक खाली आली, दातांचा आवाज कमी झाला. बाकी जो तो कारखाना आपापला आकडा ठरवत राहिला.

आणि मग १९४० साली अमेरिकन सैन्याला एक छोटी, हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी हवी झाली.

सैन्याच्या मागणीत वेगाच्या दोन अटी होत्या. सपाट रस्त्यावर ताशी किमान ५० मैल पळायला हवी. आणि सावकाश म्हणजे ताशी ३ मैलांनी, इंजिन बंद न पडता चालायला हवी. पायी चालणाऱ्या शिपायांच्या बरोबरीनं. पहिली अट म्हणते आकडा लहान ठेवा, दुसरी म्हणते मोठा ठेवा. एकाच अ‍ॅक्सलकडून दोन्ही!

पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरनं आराखडा केला आणि पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० ला सैन्याच्या हवाली झाली. अ‍ॅक्सल नव्यानं बनवायला वेळ नव्हता, म्हणून स्पायसर कंपनीनं स्टूडबेकरच्या प्रवासी गाडीचे अ‍ॅक्सल घेऊन त्यात फेरफार केले. मग विलीज आणि फोर्ड यांचे नमुने आले. शेवटी विलीजचं इंजिन सगळ्यांत दणकट ठरलं: २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. युद्धातल्या जीपचा, म्हणजे विलीज एमबीचा, आकडा ठरला ४.८८. आठ दातांचं पिनियन, एकोणचाळीस दातांचं क्राउन, पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना. आणि सावकाश चालण्यासाठी गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी दिली, ट्रान्सफर केस. तिचा लो गिअर १.९७ चा. म्हणून जीपमध्ये तीन दांडे असतात. एक नेहमीचा गिअर, एक पुढची चाकं जोडायचा, आणि एक हाय-लोचा. लहानपणी आम्ही मुलं शेडमधल्या जीपमध्ये बसून तिन्ही दांडे हलवायचो तेव्हा विमान चालवल्याचा आनंद मिळायचा.

युद्ध संपता संपता विलीजला प्रश्न पडला, की आता ही गाडी घेणार कोण? उत्तर निघालं, शेतकरी. जुलै १९४५ मध्ये सीजे-२ए आली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. लांबून पाहिलं तर तीच गाडी, इंजिनही तेच. पण अ‍ॅक्सलमधले दात बदलले. ८ वर ३९ च्या ऐवजी ८ वर ४३, म्हणजे ५.३८. पहिला गिअर २.६६ चा २.८० झाला, ट्रान्सफर केसचा लो १.९७ चा २.४३.

हे तिन्ही गुणून पाहा. युद्धाची जीप सगळ्यात खालच्या गिअरात: २.६६ गुणिले १.९७ गुणिले ४.८८, साधारण साडेपंचवीस. शेताची जीप: साधारण साडेछत्तीस. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला तर इंजिन हजार फेऱ्यांवर असताना युद्धाची जीप ताशी ५ किलोमीटरच्या थोडं वर चालते. ही झाली कूच करणाऱ्या शिपायाची चाल. शेताची जीप ताशी ३.६ किलोमीटर. ही नांगरामागून चालणाऱ्या माणसाची चाल. म्हणजे तीच गाडी शिपायाची शेतकरी झाली ती दातांमध्ये झाली, पत्रा जवळजवळ तोच होता. किंमत काय मोजली? वरचा वेग. युद्धाची जीप ताशी ६५ मैलांपर्यंत जायची, शेताची ६० च्या आसपास दमायची.

आपल्याकडे दोन्ही आल्या. युद्धाच्या जीप 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. आणि महिंद्र बंधूंच्या कंपनीनं १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीजच्या परवान्यानं जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल आलं (मूळ अमेरिकेत १९५३ चं). तिकडे ते १९६८ ला थांबलं, इकडे पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. तहसीलदार, फॉरेस्टवाले, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, सगळ्यांकडे. सीजे-३बीचाही आकडा शेताच्या जीपचाच, ५.३८. म्हणजे १९६० च्या आसपास आपल्या गॅरेजांच्या मागे पडलेल्या जुन्या जीपच्या भंगारात दोन प्रकारचे अ‍ॅक्सल असायचे. दिसायला भाऊ-भाऊ, रुंदी सारखी, आतले दात वेगळे.

आमची जीप डिस्पोजलची. अण्णांनी १९५३ मध्ये पुण्याहून आणली. ४.८८ वाली.

वहीत १९६४ च्या फेब्रुवारीत नोंद आहे: "मागील हौसिंग पूर्ण बदलली, दुसऱ्या जीपची." खाली रक्कम आणि गॅरेजवाल्याला दिलेली उचल. (गॅरेजचं नाव लिहीत नाही. त्या माणसानं मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही, जे मिळालं ते बसवलं.) आधी दोन-तीन पानांवर "मागून आवाज" असं लिहिलेलं आहे, तेव्हा क्राउनचे दात गेले असणार. मग पुढच्याच आठवड्यात अण्णांच्या सुवाच्य अक्षरात: "गाडी पहिल्यापेक्षा उत्तम ओढते. वेगही वाढला."

ओढणार नाही तर काय! पण वेग वाढला नव्हता, काटा वाढला होता. जीपचा स्पीडोमीटर चालतो ट्रान्सफर केसमधून, म्हणजे क्राउन-पिनियनच्या आधून. तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. मागे ५.३८ आला तेव्हा त्याच अंतरात शाफ्ट दहा टक्के जास्त फिरू लागला. खरे ४० मैल असताना काटा ४४ दाखवणार. आणि १६ मैलांची फेरी मीटरवर साडेसतरा होणार. अण्णांनी पेट्रोलचा हिशेबही मांडला आहे आणि अ‍ॅव्हरेज किंचित सुधारलं म्हणून समाधान व्यक्त केलं आहे. प्रत्यक्षात गाडी जास्त पेट्रोल पीत होती. फक्त मैल त्याहून जास्त मोजले जात होते!

आता पिकअपचा खरा हिशेब, वर कबूल केला होता तो. हे इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत नेता येतं असं धरा. ४.८८ असताना पहिल्या गिअरात गाडी ताशी ४१ किलोमीटरपर्यंत जाते, दुसऱ्यात ६९ पर्यंत. मागे ५.३८ बसवल्यावर पहिला गिअर ३७ लाच संपतो, दुसरा ६३ ला. उभ्यापासून ३७ पर्यंत बदललेली जीप पुढे, कारण पीळ दहा टक्के जास्त. पण ३७ ते ४१ च्या मधे काय होतं पाहा. जुनी अजून पहिल्यात आहे, एकूण प्रमाण १३. बदललेलीला दुसरा टाकावा लागलाय, एकूण प्रमाण ८.४. त्या तेवढ्या टप्प्यात जुनी जास्त जोरात ओढते! ४१ नंतर दोघी दुसऱ्यात, पुन्हा बदललेली पुढे. ६३ ते ६९ मधे पुन्हा पारडं फिरतं. शिवाय गिअर बदलण्यात वेळ जातो तो वेगळा. म्हणून "शून्यापासून साठ किती सेकंदांत" हा आकडा फसवा असतो. साठच्या जरा अलीकडे एक गिअर संपला की जास्त पिकअपची गाडी कागदावर हळू दिसते.

आणखी एक. पीळ दहा टक्के वाढला म्हणून पिकअप पुरता दहा टक्के वाढत नाही. इंजिनाचं फ्लायव्हील आणि इतर फिरणारे भागही आता जास्त झपाट्यानं फिरवावे लागतात, त्यात थोडा पीळ खर्च होतो. खालच्या गिअरात हे जास्त जाणवतं.

अमेरिकेत १९६० च्या दशकात हाच खेळ तरुण पोरांचा छंद होता. शोरूममध्ये गाडी नोंदवतानाच ३.०८ हवा, ३.५५ हवा की ३.९० हवा असं सांगता यायचं. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यत लावणारा मोठा आकडा घ्यायचा आणि हायवेला इंजिनाचा आक्रोश सहन करायचा. १९७३ ची तेलटंचाई आली आणि आकडे घसरले. १९८० च्या दशकातल्या पाच लिटरच्या मस्टँगचा नेहमीचा आकडा २.७३ होता. लोक घरी नेऊन ३.५५ किंवा ३.७३ बसवायचे, इंजिनाला हात न लावता गाडी वेगळी व्हायची. आता विजेच्या गाड्यांत तर बहुधा गिअरबॉक्सच नसतो, हा एकच गिअर उरलाय. टेस्लाच्या मॉडेल एसचा ९.७३. मोटर शून्यापासूनच पूर्ण पीळ देते आणि फेरेही भरपूर घेते, म्हणून एकावर भागतं. असो. घाटात परत येतो.

जुलै १९६४. आत्याचं लग्न ठरत होतं. व्याही मंडळी पाचगणीहून आमच्याकडे आली होती आणि संध्याकाळी त्यांना परत सोडायला जीप निघाली. गाडी चालवायला नाना, म्हणजे अण्णांचे धाकटे चिरंजीव, माझे काका. वय बावीस. शेजारी अण्णा. मागे व्याही. पाऊस मी म्हणत होता. पसरणीच्या घाटात एका वळणावर दरडीचा चिखल रस्त्यावर आला होता. नानांनी पुढची चाकं जोडली. बरोबरच केलं, त्यासाठीच तो दांडा आहे. हौसिंग बदलल्यानंतर पुढची चाकं जोडायची ती पहिलीच वेळ. फेब्रुवारीपासून तशी गरजच पडली नव्हती.

चिखलातून गाडी निघाली. चिखलात चाकं घसरतात, त्यामुळे काही कळलं नाही. पण पुढे डांबर लागलं. आता पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये ४.८८ आणि मागच्यात ५.३८, आणि दोन्ही शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट जखडलेले. मागची चाकं १०० मीटर जातील तेवढ्यात पुढच्या चाकांना ११० मीटर जायचंय. पुढची ओढतात, मागची धरून ठेवतात, आणि सगळा ताण मधल्या पेटीतल्या दातांवर. नानांनी दांडा परत ओढून पाहिला. निघेना. निघणारच नाही, ताणाखाली दात एकमेकांना आवळून बसतात. थांबून चार हात मागे घेतली असती तर कदाचित सुटला असता. पण मागे दरड, अंधार पडायला आलेला, मागच्या सीटवर व्याही. नाना म्हणत होते, "अण्णा, गाडी जड चालतेय." अण्णा म्हणाले, "रेस दे." रेस दिली. दोन-तीन फर्लांग गेली आणि खालून धाडकन आवाज झाला.

व्याही भिजत, चिखल तुडवत वरून येणाऱ्या एका ट्रकमधून परत आमच्याच घरी मुक्कामाला आले. आत्याचं लग्न मोडलं नाही (तिचे नातू हे वाचत असतील), पण अण्णांचा अपमान झाला तो झाला. त्यांनी सगळ्यांदेखत नानांना सुनावलं, दांडगाईनं गाडी मोडली म्हणून. किल्ली काढून घेतली. गॅरेजवाल्यानं पेटी दुरुस्त केली आणि वर सल्ला दिला, की पोरं पुढची चाकं जोडून गाडी मोडतात, पुढचा शाफ्टच काढून ठेवा. तो काढला. त्यामुळे पुढे सात-आठ वर्षं जीप नुसत्या मागच्या चाकांवर मजेत चालली आणि दातांचा घोटाळा कुणाला कधी कळलाच नाही. नाना त्याच वर्षी पुण्याला नोकरीला गेले. त्यांनी पुढे आयुष्यात गाडी घेतली नाही, स्कूटरसुद्धा नाही. बाकी कारणं असतील. पण आमच्या पिढीनं त्यांना चिडवायला ही गोष्ट वापरली त्यात मीही होतो.

वहीतला १७॥ पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि चिरंजीव शेडमध्ये गेलो. जीप अजून आहे. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. आकडा मोजायला अ‍ॅक्सल उघडावा लागत नाही. एका बाजूचं चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर ठेवायचं. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं. (दोन का, तर एक चाक अडलेलं असलं की डिफरन्शियलमुळे दुसरं दुप्पट फिरतं.) डिझेल ओतून, धक्के मारून तासाभरात मागचं चाक सुटलं. गिअर न्यूट्रल केला, खडूनं शाफ्टवर खूण केली. मी चाक फिरवत होतो, तो खाली पडून मोजत होता. पाच पूर्ण, आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. मग पुढे गेलो. तिकडे शाफ्ट नाही, म्हणून पिनियनच्या फ्लँजवर खूण केली. दोन फेऱ्यांत पाचाला थोडा कमी. तीनदा मोजलं. तीनदा तेच.

चिरंजीवांनी शेडच्या भिंतीवर खडूनं दोन्ही आकडे लिहिले. मी तिथूनच पुण्याला नानांना फोन लावला. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू थोडं कमी येतं. सगळं मोठ्यानं सांगितलं, दात, प्रमाण, १६ आणि १७॥. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाले, "पुढून ओढत होती रे, आणि मागून कुणीतरी धरल्यासारखी. मी अण्णांना म्हणालो होतो जड चालतेय म्हणून."

आणि लगेच, "शेडचं पन्हाळ गळतं का अजून? त्या कोपऱ्यात बादली ठेवा."